दोन पत्त्यांचं गाव

प्रिय दिन्या,

पत्र बघून चमकला असशील. पण फोनवर तू तीन मिनिटांत 'नंतर बोलू' म्हणतोस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर वाचण्याआधीच अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून सरळ कागद घेतला. पत्र लांबणार आहे, तेव्हा विरार लोकलमध्ये उभ्याने वाचू नकोस.

सोनूला बारावीच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी स्थलांतराचं उदाहरण हवंय, आणि तिने अमेरिकेतले भारतीय हा विषय घेतलाय म्हणालास. कशाला? आजोबा लालबागला, बाप नालासोपाऱ्यात, आजी अजून गावात, असं घर असलेल्या मुलीने उदाहरण शोधायला समुद्र ओलांडायचा? त्याच फोनमध्ये तू 'गाव संपलं रे आता' असंही म्हणालास. गावच्या मुंबईकर मंडळात हे वाक्य प्रार्थनेसारखं म्हणतात, मला ठाऊक आहे. मला ते पटत नाही. का, तेच लिहितोय. सोनूला यातलं हवं ते घेऊ दे.

आधी आकडे, कारण मास्तर आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. मुंबई शहरात हजारांमागे ८३२. आमच्या वर्गात दर वर्षी एखादं पोरगं म्हणतंच, "सर, कोकणात मुली जास्त जन्मतात?" तर नाही. सहा वर्षांपर्यंतच्या पोरांत आपल्याकडेही मुली मुलग्यांपेक्षा कमीच भरतात, हजारांमागे साडेनऊशेच्याही आत. म्हणजे जन्माला मुलगे जास्त येतात आणि मोठे झाले की मोजणीतून गळतात. ते कुठे गेले, हे मुंबईचा आकडा सांगतो. दोन जिल्ह्यांचे आकडे एकमेकांत बसतात की नाही बघ.

पुरुष गेले का, याची उत्तरं आपल्या पायाखाली आहेत. कातळ, वरकस जमीन, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तरी मार्चनंतर विहिरीचा तळ दिसतो. भाताचं एक पीक, वर थोडी नाचणी-वरी. त्यावर सारा वसूल करणाऱ्या खोताचा हिस्सा. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं, पण कायद्याने खोती जायला १९४९ उजाडलं. तोवर दोन पिढ्या आगबोटीत बसून गेल्या होत्या. दावरांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांची रांग लागली. घाटावर जायचं तर सह्याद्री चढायचा. समुद्राने मात्र जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग या बंदरांतून माणूस थेट भाऊच्या धक्क्याला उतरायचा. मुंबई आपल्याला पुण्यापेक्षा, कोल्हापूरपेक्षा जवळची झाली ती या बोटीमुळे.

आता तुझ्या वडलांची ती खोली आठव. चौथीच्या मे महिन्यात आपण दोघं तिथे राहिलो होतो. खोली एक, माणसं वीस-पंचवीस, सगळी आपल्याच गावची. भिंतीला ओळीने खुंट्या, खुंटीखाली ज्याची त्याची ट्रंक. रातपाळीवाला यायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी नुकतीच गुंडाळलेली असायची. दरमहा वर्गणी, वहीत हिशेब, भांडण झालं तर तिथेच बैठक आणि दंड. गावात वाद मिटला नाही तर 'मुंबईला लिहा' म्हणायचे. नवा पोरगा गावावरून आला की त्याला जॉबरकडे, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाकडे घेऊन जाणारा, खानावळ लावून देणारा, पहिला महिना उधारीवर जगवणारा, सगळे गावचेच. गोंयकारांच्या धोबीतलावाजवळच्या सामायिक खोल्या, म्हणजे कूड, त्याही अशाच, गावागावाच्या. फक्त तिथे संध्याकाळी लदाईन, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना म्हणायचे आणि आपल्याकडे गुरुवारी भजन. शहरात माणूस एकटा पडतो असं पुस्तकं सांगतात. तुझे वडील चाळीस वर्षं मुंबईत राहिले, पण एकटे राहिले असतील असं मला वाटत नाही.

रॅव्हेनस्टाइन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले, ते सोनूच्या कामाचे आहेत. त्याचं एक निरीक्षण असं, की बायका पुरुषांपेक्षा जास्त स्थलांतर करतात, पण जवळच्या जवळ. इंग्लंडातले आकडे बघून लिहिलंय त्याने, पण काकींकडे, तुझ्या आईकडेच बघ. देवरुखाकडून लग्न करून चार कोसांवर आल्या. भारतातल्या जनगणनेतही बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच असतं. काका बोटीने गेले ते स्थलांतर, आणि काकी बैलगाडीने आल्या ते काय? त्याला आपण कधी मोजलं नाही, कारण त्यावर कुणी रडगाणं रचलं नाही.

आणि एकदा आल्यावर गाव कुणी चालवलं? तुझ्या घरची मनीऑर्डर यायची तेव्हा फॉर्मच्या तळाची चिठ्ठी वाचायला काकी मला बोलवायच्या, कारण तुझं वाचन दिव्य होतं. दोन ओळी असायच्या. 'पैसे पाठवले. कौलं बदलून घेणे.' काकींनी ती आठ दिवसांपूर्वीच उधारीवर बदलून घेतलेली असायची. लावणीला कुणाच्या शेतात आधी जायचं, गाभण म्हैस ठेवायची की विकायची, दिराच्या मुलाला कधी मुंबईला धाडायचं, हे सगळं पडवीत ठरायचं आणि पत्रात 'आपण म्हणाल तसं' असं लिहिलं जायचं. ते लिहिणारा मीच होतो म्हणून सांगतो. 'मनीऑर्डरवर जगणारं कोकण' हा शब्दप्रयोग मला म्हणूनच खटकतो. ११२२ हा आकडा ज्यांचा आहे, त्या बायकांच्या घामाची मनीऑर्डर कधी निघाली नाही, एवढंच.

आता संस्कृतीचं. ती कशी पसरते यावर सोनूच्या पुस्तकात दोन वाटा दिल्या असतील: माणूस जातो आणि बरोबर रीत नेतो, किंवा माणूस जागेवर राहतो आणि रीत शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. पहिल्या वाटेचं आपल्याकडचं सगळ्यात लांबचं टोक मॉरिशसला आहे. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले बरेच जण कोकणपट्टीतले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरात क्रिओल बोलतात. पण गणपतीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी झाकरी नावाचा नाच नाचतात. मी व्हिडिओ बघितला. फेर धरायची तऱ्हा आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाची. मराठी वाक्य धड न येणारी पोरं ठेका मात्र चुकत नाहीत. बोली गेली आणि नाच राहिला, याचं कारण मला असं वाटतं की बोली रोज दुकानात, मळ्यावर वापरावी लागते, तिथे ती हरते. नाच वर्षातून एकदाच लागतो आणि तो आपल्याच माणसांत.

पण मुंबईचं प्रकरण याहून मजेशीर आहे, कारण मुंबईला गेलेलं परत येतं. आपलं नमन घे, कोकणातलं लोकनाट्य. अंगणात रात्रभर चालायचं. गण, गवळण, संकासूर, मग वग, आणि पहाटे चहा. तेच परळच्या दामोदर नाट्यगृहात गेलं तेव्हा त्याला तिकीट लागलं, पडदा लागला, आणि शेवटची लोकल चुकू नये म्हणून ते तीन तासांत आटपायला लागलं. मग ही आटोपशीर आवृत्ती रंगीत दिवे, माईक, फ्लेक्स घेऊन गावात परत आली. आता आपल्या वाडीतली पोरंही तीन तासांचंच बसवतात. म्हातारे कुरकुरतात की हे मुंबईचं नमन. मी म्हणतो, मुंबईला नेलं कुणी? गवळणीत आता मुली उभ्या राहतात, पूर्वी मिशा काढलेले बाप्ये असायचे. हा बदल मला तरी चांगलाच वाटतो.

तर 'गाव संपलं' याकडे येऊ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच होते, म्हणजे गेलेली माणसं या फरकाहून बरीच जास्त. तुझं म्हणणं इथवर खरं. पण त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली, ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर! लालबाग-परळही ओसच म्हणायचं का मग? वाढला तो ठाणे जिल्हा, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. तुझा नालासोपारा तेव्हा त्यातच होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. खोल्या विकल्या, कुणी डोंबिवली, कुणी दिवा, कुणी विरार. चाळीतल्या खोलीत बायको आणता येत नव्हती, विरारच्या वन रूम किचनमध्ये आणता आली. इथे खरा सांधा बदलला. १९९१ मध्ये आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बाराशेच्या वर बायका होत्या, मग ११३६, मग ११२२. हा आकडा उतरतोय तो पुरुष परतले म्हणून थोडाच? बायकाही निघाल्या म्हणून. माणूस एकटा जायचा तेव्हा गाव दोन पत्त्यांवर नांदायचं. कुटुंबच निघालं की इकडच्या पत्त्यावर कुलूप.

आणि कुलूप लागलं की काय होतं ते बघ. आपल्या वाडीत एकवीस घरांपैकी नऊ बंद आहेत. पैकी पाच घरांच्या किल्ल्या काकींच्या फडताळात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली, कारण सगळी कुलुपं एकाच दुकानातली. पावसाळ्याआधी त्या पाचही घरांत जाऊन वाळवी बघून येतात. शेतं पड, त्यामुळे वानर अंगणापर्यंत येतात आणि ज्यांनी चार वाफे केलेत त्यांचेही ठेवत नाहीत. शेजारीपाजारी शेत असलं तर राखण वाटून होते, एकट्याने किती हाकणार?

पण जागा रिकामी राहत नाही रे. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी गुरखे, मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी खलाशी, चिरेखाणीवर कर्नाटकातली कुटुंबं. शिमग्याला पालखी बागेच्या वाटेने गेली तेव्हा एका गुरख्याच्या बायकोने ओटी भरली आणि आमच्या गुरवानेही न अडखळता तिच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. रॅव्हेनस्टाइन म्हणतो, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. आपल्याकडे उलटा प्रवाह आपल्या माणसांचा नाही, एवढाच फरक. गावचे म्हणून मोजताना त्यांना मोजायचं की नाही, हा प्रश्न मंडळाच्या एकाही सभेत आलेला मी ऐकला नाही.

२०२१ ची जनगणना राहिली ती आता २०२७ ला होतेय. १ मार्चचा हिशेब धरणार, म्हणजे घरोघर मोजणी फेब्रुवारीत, शिमग्याच्या अगोदर. तुम्ही सगळे तिकडेच मोजले जाल आणि ते बरोबरही आहे. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मोजले असते तर एकवीसच्या एकवीस घरांत चूल पेटलेली आणि ओसरीवर झोपायला जागा नाही. मोजणीची कुठली रात्र धरायची यावर गाव किती मोठं हे ठरतं, हे सोनूला जरूर लिहायला सांग.

आता मंडळाच्या पत्राबद्दल, ज्याचा विषय तू फोनवर शिताफीने टाळलास. पालखी शनिवार-रविवारी फिरवावी, सभामंडप आरसीसी करावा, खर्च मुंबईकर देतील. तारखांना माझी हरकत नाही. काही गावांत असं होतंही, आणि कुलूप उघडायला माणूस आला तरच पालखीला त्या दारात अर्थ. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापासून आपले सण आरक्षणाच्या तारखेवर चालतातच की. (महामार्गाबद्दल लिहीत नाही, कागद खराब होईल.) माझी हरकत ठरवणाऱ्यांना आहे. मंडळात अकरा जण, सगळे पुरुष, सगळे बोरिवलीच्या पलीकडचे. गावकीच्या बैठकीत इकडचे आम्ही सहा म्हातारे. काकी, ज्यांच्या फडताळात पाच घरं आहेत, त्या बैठकीच्या वेळी चहा करत असतात. यंदाच्या बैठकीत त्यांना आणि वरच्या वाडीतल्या तिघींना सतरंजीवर बसवायचं, असं मी मांडणार आहे. मुंबईकडून तू पाठिंबा दे. 'आजवर असं नव्हतं' म्हणून कुणी उठेलच. त्याला विचार, आजवर वन रूम किचन होतं का?

सोनूला म्हणावं, प्रकल्पासाठी आजीला फोन कर आणि किल्ल्यांचं विचार, कुणाचं घर किती साली बंद झालं ते. काकींना साल नाही आठवणार, पण कुठल्या नातवाच्या बारशाच्या वर्षी ते आठवेल. त्यावरून साल काढायचं काम तिचं. मी गावठाणाचा नकाशा काढून पाठवतो.

शिमग्याचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. सकाळी आठलाच बुकिंगला बस, आठ वाजून पाचला बसू नकोस. आणि येताना काकींच्या चष्म्याची नवीन काच आण, नंबर मागच्या पानावर लिहिलाय.

तुझा,
सुध्या