वारीतील शौचालये मोजली जातात, उपसा मोजला जात नाही

मा. संपादक,

आषाढी जवळ आली की पालखी मार्गावर यंदा किती फिरती शौचालये लागणार, याचे आकडे छापून येतात. त्यांचा मैला कोण, केव्हा आणि किती वेळा उपसणार, हे मात्र बातमीत नसते आणि बहुधा नियोजनाच्या तक्त्यातही नसते. टाकी भरलेले शौचालय पहाटे बंदच असते. ते आकड्यात तेवढे मोजले जाते. सक्शन गाडी, म्हणजे मैला ओढून घेणारा टँकर, चालवणारे आणि तिच्यामागे पाइप ओढणारे हे पत्र वाचतील, म्हणून कामाच्या भाषेतच लिहितो.

फिरत्या शौचालयांचे बरेचसे हिशेब परदेशातून आले आहेत. तिथे कागद वापरतात, आपल्याकडे पाणी. एका शौचालयाच्या टाकीत साधारण २५० लिटर मावते. त्यात १५ ते २० लिटर पाणी आधीच ओतावे लागते आणि वरची चार बोटे मोकळी ठेवावी लागतात. उरतात सुमारे २०० लिटर. डबा आणि वरून टाकलेले पाणी धरून एका माणसामागे सव्वादोन ते अडीच लिटर जातात. म्हणजे ऐंशी-नव्वद माणसांत टाकी संपली. पालखी तळावर संध्याकाळी सहा ते दहा एक लाट येते, पहाटे तीन ते साडेसहा दुसरी. पहिली लाट ओसरल्यावर टाकी रिकामी केली नाही, तर दुसरी लाट अर्ध्यावर असतानाच मैला भांड्यातून वर दिसू लागतो.

म्हणून उपसा रात्री दहा ते दोन या वेळेतच व्हायला हवा. पहाटेच्या गर्दीत गाडी आत शिरत नाही, शिरली तर बाहेर निघत नाही. धुण्यासकट एका शौचालयाला चार-पाच मिनिटे लागतात. पाच हजार लिटरचा टँकर पंचवीस शौचालयांत भरतो, म्हणजे दोन तास गेले. मैला टाकण्याची जागा पंचवीस किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन आणखी दोन तास. रात्रीच्या चार तासांत एका टँकरची एकच फेरी होते. शंभर शौचालयांच्या तळाला चार टँकर लागतात, ते असे. जागा जवळ असेल तर दोनांवर कसेबसे भागते. सुरुवात स्त्रियांच्या रांगेपासून करावी, कारण पहाटे तीनला अंधारात पहिल्यांदा त्याच येतात. त्या रांगेतली खिट्टी, दिवा आणि पाण्याचे पिंप त्याच फेरीत तपासावे.

उपशाची रीत. आधी लांब चिमट्याने किंवा आकडीने गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, कापड, पॅड बाहेर काढायचे. मग पाइप वरच्या थरापासून हळूहळू खाली न्यायचा. तो थेट तळाशी खुपसला तर पाणी निघून जाते आणि घट्ट ढीग मागे राहतो. तो ढीग पाण्याच्या फवाऱ्याने फोडून मगच ओढावा. भिंती वरून खाली धुवाव्यात, ते पाणीही ओढून घ्यावे आणि शेवटी पुन्हा १५-२० लिटर स्वच्छ पाणी ओतावे. घाईत हे शेवटचे पाणीच गाळले जाते. कोरड्या तळावर मैल्याचा सुळका उभा राहतो, तो पाइपला येत नाही, आणि सगळा वास त्यालाच येतो.

पाइप तुंबला की हेल्पर नकळत पाइपच्या तोंडावर हात नेतो. तीन इंची पाइपच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर असते. ओढा दाखवणारा गेज ०.६ बारवर असेल तर तळव्याला जवळजवळ २७ किलोचा ओढा बसतो. हात सुटत नाही, कातडी सोलते. आधी व्हॉल्व्ह बंद करा, मग पाइपमधला ओढा सोडा, त्यानंतर तोंडावर अडकलेली पुडी आकडीने काढा. उलट दाब द्यायचाच असेल तर पाइपचे तोंड टाकीच्या आत ठेवून, क्षणभर आणि कमी दाबाने; समोर कोणी उभे नको.

पंप बिघडतो तो बहुतेक वेळा फेसामुळे. टाकीत फिनाइल आणि साबण ओतत राहिले की फेस चढतो, पंपाआधी ओलावा अडवणाऱ्या सापळ्यातून पंपात जातो. टाकी भरली की पंपाची वाट बंद करणारा गाडीतला तरंगता चेंडू कचऱ्याने अडकला असेल तर मैलाच आत येतो. पंपाचे तेल दुधाळ दिसले की पाणी शिरले असे समजा. गाडी तिथेच थांबवून पंप डिझेलने धुवा आणि नवे तेल भरा. ‘सकाळी बघू’ म्हटले तर सकाळपर्यंत पंपाची पाती खाचेत गंजून बसतात आणि तळावर एक गाडी कमी होते. सापळा रोज रिकामा करायचा, पातळी दाखवणारी काच रोज पुसायची. निघण्याआधी व्हॉल्व्ह बंद, पाइपला झाकण, पीटीओ (इंजिनावरून पंप फिरवणारी जोडणी) सुटलेला. अर्धी भरलेली टाकी वळणावर सर्वांत धोक्याची, कारण पाणी एका बाजूला धावते. दिवेघाटासारख्या उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरा. पालखीच्या दिवशी तो घाट माणसांचा असतो. गाड्या आदल्या दिवशीच पलीकडे हव्यात.

औषधांबद्दल कळकळीने सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. शिळ्या लघवीत अमोनिया असतो, त्यावर ब्लीचिंग टाकले तरी घातक वायू होतो. बंद केबिनमध्ये वाकून धुणारा माणूस तो थेट छातीत ओढतो. टाकीत मैला कुजवणाऱ्या जिवाणूंचे द्रावण टाकले असेल तर वरून फिनाइल ओतून ते मारू नका. मैल्यातून सुटणाऱ्या, सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या वायूची (हायड्रोजन सल्फाइड) तऱ्हा आणखी वाईट. हवेत त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास गेला असे वाटते. पंपाचा धूर ज्या बाजूला निघतो तिथे उभे राहू नका; गाडी लावतानाच वाऱ्याची दिशा बघा. आणि टँकरच्या टाकीत कोणी कुठल्याही कारणाने उतरायचे नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, पण ते पैसे माणूस गेल्यावरचे.

कोपरापर्यंतचे हातमोजे घातलेला हात स्टिअरिंगला लागता कामा नये. चालकाने मोजे काढून, गाडीच्या बाजूला बांधलेल्या कॅनवर साबणाने हात धुऊनच केबिनमध्ये चढावे. धनुर्वात, कावीळ आणि विषमज्वराच्या लसी वारीआधी पूर्ण झालेल्या असाव्यात. पावसात चिखलातून काम, म्हणून पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाइपवर उभे करू नये.

जागेची निवड अजूनही तळ आखणाऱ्यांच्या हाती असते, पाइपवाल्याला कोणी विचारत नाही. काळ्या मातीच्या शेतात आषाढात टँकर चाकांपर्यंत रुततो. शौचालये पक्क्या रस्त्यापासून पाइपच्या लांबीत, म्हणजे २०-२५ फुटांत असावीत. विहीर-बोअरपासून निदान ३० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला. शौचालयांचा एक संच आजच्या तळावर आणि दुसरा उद्याच्या तळावर आधीच उभा असावा, कारण दिंड्या निघाल्यावर धुणे-उपसणे दुपारपर्यंत चालते. भरलेल्या टाकीसह शौचालय हलवले तर मैला वाटभर सांडत जातो.

राहिला मैला कुठे टाकायचा तो प्रश्न. वाई, सिन्नर यांसारख्या नगरपालिकांनी मैला प्रक्रिया केंद्रे उभारली आहेत. मार्गावरील प्रत्येक तळासाठी जवळचे असे केंद्र कोणते, रात्री त्याचे फाटक कोण उघडणार आणि त्याचा फोन नंबर काय, हे चालकाच्या हातातल्या कागदावर लिहिलेले हवे. फाटक बंद मिळाले की रात्री एक वाजता भरलेला टँकर घेऊन उभ्या चालकाला ओढ्याचा मोह होतो. लोणंदच्या अलीकडे ज्या नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, तिलाच असे ओढे मिळतात आणि त्याच काठी वारकरी हंडे भरतात. प्रशासनाने निविदेत शौचालयांच्या संख्येशेजारी रात्रीच्या उपशाच्या फेऱ्या, टँकरांची संख्या आणि मैला स्वीकारणाऱ्या केंद्राची लेखी पावती या तीन अटी घालाव्यात. पावतीशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये.

आपले,
फिरत्या शौचालयांच्या उपशाचे काम पाहणारे काही जण, सासवड