तिकीट थेट विमानाचेच काढू या

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मे महिन्यात माझ्याकडे लंडनला येण्यासाठी दुबईमार्गे जाणारे तिकीट स्वस्त पडते आणि अंतरही फारसे वाढत नाही, असे तुम्ही परवा फोनवर म्हणालात, ते खरेच आहे. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे आणि दुबईवरून गेल्यास त्यात जेमतेम दोनशेची भर पडते. परंतु थेट विमान साडेनऊ-दहा तासांत लंडनला पोहोचवते. दुबईमार्गे आधी तीन-सव्वातीन तास, मग साडेसात तास आणि मध्ये दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात आणखी तीन-चार तास जातात. त्या थांब्यात अवाढव्य विमानतळावर पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहायचे आणि फलक वाचत पुढचे विमान शोधायचे, हे तुमच्या गुडघ्यांना सोसणार नाही. वाचणाऱ्या पैशांपेक्षा मला तुमचे गुडघे मोलाचे आहेत.

आई, जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का, असे तू विचारले होतेस. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला येताना ते विमानाच्या समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, त्यामुळे परतीचा प्रवास साधारण तासाभराने लवकर आटोपतो. शिवाय 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केल्यावर त्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागला, त्याचाही वेळेवर परिणाम झाला.

खरे सांगायचे तर मला विमानापेक्षा जळगाव ते मुंबई या 420 किलोमीटरचीच काळजी अधिक वाटते. रेल्वेने त्याला सात-आठ तास लागतात आणि गाडीला उशीर झाला, तर विमान आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून दोन दिवस आधीच निघून डोंबिवलीला मामांकडे मुक्काम करावा, नीट झोप घ्यावी आणि उड्डाणाच्या किमान तीन तास आधी विमानतळावर पोहोचावे. बाबांसाठी चाकाची खुर्ची मी तिकीट काढतानाच मागून ठेवीन. कृपया संकोच करू नये.

मे महिन्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. दुपारी एकला निघालात, तर येथे संध्याकाळचे सहा-साडेसहा वाजलेले असतील आणि चांगला उजेड असेल. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात आणि त्या दिवशी कोणत्या वेळी घ्यायच्या, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. विमानातील हवा कोरडी असते, तेव्हा पाणी पीत राहावे आणि मधूनमधून उठून चार पावले चालावे.

आई, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटेसाठी अवश्य घे, पण विमानातच संपवा. दूध, तूप, पेढे येथे आणू देत नाहीत. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत ठेव.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवावेत, म्हणजे या आठवड्यातच तिकिटे काढते.

तुमची लेक