समुपदेशक फक्त फेब्रुवारीतच का?

माननीय संपादक,

दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर आली की राज्य मंडळ समुपदेशकांचे मोबाइल क्रमांक जाहीर करते, वर्तमानपत्रांत परीक्षेच्या ताणावर लेख येतात आणि पेपर संपले की सगळे सामसूम. क्रमांक द्यावेतच. पण छातीत धडधडायला लागले की कुणाशी बोलायचे, हे ज्या मुलाला आठवी-नववीत कुणी सांगितले नाही, तो पेपरच्या आदल्या रात्री अनोळखी माणसाला काय सांगणार?

मी लातुरात बरीच वर्षे दहावीला गणित शिकवले. वर्गात एक हुशार मुलगी होती. चाचणीत तिच्या तळहाताला इतका घाम यायचा की ती मनगटाखाली रुमाल ठेवूनच लिहायची. घरी पोटात दुखते म्हटले की ‘अभ्यास टाळायची निमित्ते’ हे ठरलेले उत्तर. मग आम्ही सगळ्या वर्गानेच एक सवय लावून घेतली, म्हणजे एकटीकडे कुणी बघायला नको. प्रश्नपत्रिका हातात पडली की पेन खाली. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा आणि हमखास येणारे गणित शोधून आधी तेच सोडवायचे. तिचा घाम काही थांबला नाही, पण पहिली दोन पाने कोरी सोडणे थांबले.

अशा गोष्टींना वेगळा तास लागत नाही. उलट आहे तो खेळाचा तास तेवढा मुलांना परत द्या. दहावीत तो वेळापत्रकावर असतो आणि गणित-विज्ञानवाले पळवतात. पालकही त्यावर खूश! या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे क्लास, मग शाळा, रात्री पुन्हा क्लास, यात ती बसवायची कुठे?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले आहे. कोचिंग क्लासनी गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, मुलांचा चारचौघांत अपमान करू नये, हेही त्यात आहे. आमच्या शहरात टॉपर बॅचचे फलक मात्र अजून दिमाखात झळकतात.

शिक्षण विभागाने कोणत्या शाळेत समुपदेशक नेमला आणि कोणत्या शाळेत नाही, याची तालुकावार यादी जाहीर करावी. नेमलेल्या माणसाला ऑफ तासावर पाठवू नये, नाहीतर शाळा त्याच्याकडून हजेरीपटच भरून घेतील. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. न्यायालयाने तो वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावायला सांगितला आहेच. जूनमध्ये नवीन ओळखपत्रे छापताना त्यांच्या मागेही छापावा. मागची बाजू बहुतेक शाळांत कोरीच असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर