विषय: पुस्तकातली १६ पानं गायब आणि वर "रिटर्न होणार नाही" असं उत्तर

तक्रार निवारण अधिकारी यांना,

नमस्कार. मी कर्वेनगर, पुण्याहून लिहितोय. ऑर्डर नंबर, बिल आणि पानांचे फोटो सोबत जोडलेत. चॅटवर तीनदा आणि फोनवर दोनदा सांगून झालंय, आता लेखी देतोय.

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडून एक इंग्लिश कादंबरी मागवली, ७९९ रुपये भरून. ऑस्ट्रेलियातलं समुद्राकाठचं छोटं गाव, १६ वर्षांचा मुलगा, वडील सर्फबोर्ड बनवतात, गावात सगळे सर्फिंग करणारे, आणि त्याला हळूहळू कळत जातं की आपल्याला मुलगे आवडतात, अशी गोष्ट आहे. पुस्तकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, फार मनापासून लिहिलेलं पुस्तक आहे, आणि म्हणूनच मला इतकं लागलंय.

पान १७६ नंतर १७७ येतच नाही. परत १६१ सुरू होतं, परत १७६ पर्यंत जातं, आणि मग एकदम १९३. म्हणजे अकरावा फॉर्मा (१६ पानांचा एकत्र दुमडलेला गठ्ठा) दोनदा बांधलाय आणि बारावा नाहीच. नारायण पेठेतल्या एका बाइंडरकाकांना दाखवलं, त्यांनी पाठीकडची शिवण उघडून बघितली आणि लगेच सांगितलं की फॉर्मे एकावर एक लावताना चुकून तोच परत उचलला गेलाय, पानं कोणी फाडलेली नाहीत, ते छापखान्यातूनच असं आलंय. अशी चूक कोणाच्याही हातून होऊ शकते, मला मान्य आहे. पुस्तक बदलून दिलं असतं तर मी हे पत्र लिहायला बसलोच नसतो.

आता गेलेली पानं कुठली ते ऐका. १७६ वर पहाटेची वेळ आहे, तो मुलगा आणि त्याचा मित्र लाईनअपमध्ये बोर्डवर बसलेत, म्हणजे लाटा जिथे फुटतात त्याच्या जरा पलीकडे सगळे वाट बघत थांबतात ना तिथे, पाय पाण्यात सोडलेले, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय त्यामुळे लाट काचेसारखी गुळगुळीत आहे. लांबून लाटांचा सेट येताना दिसतो. लाट जिथे फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची ती लाट, हा तिथला नियम, त्यात मध्ये घुसणं म्हणजे फारच वाईट समजतात, आणि लाट मित्राची असून तो म्हणतो, जा, तू घे. आणि हा लाट सोडून देतो आणि म्हणतो, थांब, मला तुला एक सांगायचंय. तिथे पान संपतं. त्याच्यापुढे वडील शेडमध्ये बोर्ड घासतायत ते आधीचंच पान परत. आणि १९३ वर वडील याच्याशी बोलत नाहीयेत आणि याचा बोर्ड कोणीतरी शेडच्या बाहेर काढून ठेवलाय. काय सांगितलं, मित्र काय म्हणाला, घरी कोणी सांगितलं, सगळं त्या १६ पानांत होतं.

हे पुस्तक मी माझ्या भाच्यासाठी घेतलं होतं. बारावीत आहे. दिवाळीत गच्चीवर त्याने मला सांगितलं की मामा मी गे आहे. घरात अजून फक्त मला सांगितलंय, कारण मीपण गे आहे हे त्याला माहितीये. म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही. पोरगं सर्फिंगसाठी वेडं आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग ताहितीला तेआहुपोला झालं होतं, तेव्हापासून डोक्यात बसलंय, ब्राझीलचा सर्फर मेदिना याचा तो फोटो, लाटेच्या वर हवेत उभा, बोट आकाशाकडे आणि शेजारी बोर्डपण तसाच उभा, तो अजून मोबाईलच्या वॉलपेपरला आहे. पुण्यात कसला समुद्र, ताम्हिणी उतरल्याशिवाय लाट दिसत नाही, टिळक टँकला पोहतो आणि बारावी झाली की कर्नाटकात मुल्कीला सर्फिंग शिकायला जायचं म्हणून आत्तापासून पैसे साठवतोय.

तर तो दोन रविवार माझ्या बाल्कनीत बसून वाचत होता, चहापण थंड व्हायचा. दुसऱ्या रविवारी आत आला, पुस्तक उघडं हातात, आणि म्हणाला, "मामा, ही पानं मुद्दाम काढलीत का?" मी म्हणलं अरे नाही, बाइंडिंगची चूक असेल. तर म्हणे, "नक्की ना?" मला छातीठोक हो म्हणता येईना. म्हणून तर मी बाइंडरकडे गेलो. १७ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा स्वतःसारखा कोणीतरी पुस्तकात भेटतो, आणि तो तोंड उघडतो तिथेच पानं नाहीत, तर त्याने दुसरं काय समजायचं?

मी त्याच्या वयाचा होतो तेव्हा हे सगळं कायद्याने गुन्हा होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दंड संहितेच्या कलम ३७७ मधून ते काढलं तेव्हा मी ३३ वर्षांचा होतो आणि हा पाचवीत. मला असं पुस्तक कोणी दिलं नाही, याला मिळावं एवढीच इच्छा होती.

आता तुमचं उत्तर. बाईंनी चॅटवर लिहिलं की हे पुस्तक "अडल्ट" कॅटेगरीत येतं आणि त्या कॅटेगरीला रिटर्न नाही. कशावरून अडल्ट? मागच्या कव्हरवर प्रकाशकाने १४ वर्षांपासून पुढे असं छापलंय. मी पूर्ण वाचलंय, म्हणजे जेवढं आहे तेवढं, त्यात एक चुंबनसुद्धा नाही. तुमच्याच साईटवर मुलगा मुलगी प्रेमात पडतात अशी तसल्याच वयाची पुस्तकं "टीन" मध्ये आहेत, ती सगळी रिटर्न होतात, मी बघितलं. मग फरक कशाचा केला? आणि या शिक्क्यामुळे सर्चचा फिल्टर बंद केल्याशिवाय पुस्तक दिसतच नाही, म्हणजे ज्या मुलांना हवंय त्यांनाच ते सापडत नाही. फोनवरचे दुसरे साहेब म्हणाले, सर बाकीची स्टोरी तर समजतेय ना, १०० रुपयांचं कूपन देतो. कूपन नकोय मला.

अजून एक गोष्ट, ही मला सगळ्यात जास्त गंभीर वाटते. पार्सलच्या बाहेर पारदर्शक पाकिटात बिल होतं, त्यावर पुस्तकाचं पूर्ण नाव आणि खाली "गे फिक्शन, अडल्ट" असं ठळक. डिलिव्हरीवाल्याने ते मला फोन न करता वॉचमनच्या टेबलावर ठेवलं, दोन दिवस तिथे होतं, सोसायटीतल्या एकांनी मला वाचून दाखवलं. माझं ठीक आहे, माझ्याबद्दल सगळ्यांना माहितीये. पण आधी भाचा म्हणाला होता की माझ्याच पत्त्यावर मागव. मागवलं असतं तर ते पाकीट ताईच्या किंवा भाऊजींच्या हातात पडलं असतं, आणि जी गोष्ट त्याला स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या वेळेला सांगायचीये ती तुमच्या बिलाने सांगून टाकली असती. मला रात्री झोप आली नाही त्या विचाराने.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. पोच आली नाही तर १९१५ या नंबरच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला आणि मग इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, ७९९ रुपयांसाठी कोण जाईल असं समजू नका.

पुस्तक बदलून द्या, पाठवण्याआधी कोणीतरी १७७ ते १९२ पानं उघडून बघा. अडल्टचा शिक्का काढून ते टीनमध्ये टाका. आणि बिल पार्सलच्या आत घालत जा, सगळ्यांचंच, फक्त माझं नाही. रिफंड देऊ नका, अप्पा बळवंत चौकात सगळी दुकानं फिरलो, कोणाकडेच नाहीये, मला पुस्तकच हवंय.

खराब प्रत माझ्याकडे आहे, नवीन देताना घेऊन जा. मी सहानंतर घरी असतो. कृपा करून गेटवर ठेवू नका, फोन करा, मी खाली येतो.

आपला ग्राहक,
कर्वेनगर, पुणे