तुझी पेटी मी माळ्यावरून खाली काढली

बाबू,

फोनवरच सांगणार होतो पण फोनवर तू नुसतं 'हो बाबा, हो बाबा' करतोस आणि मागून तुझ्या रूममधल्या पोरांचा कल्ला, म्हणून लिहून पाठवतोय, जेवण झालं की निवांत वाच. गोष्ट अशी आहे की तुझी ती पत्र्याची पेटी मी माळ्यावरून खाली काढली. तुला न विचारता. आणि तुझ्या सोल्डरिंग आयर्नची बिट, म्हणजे ते तापणारं टोक, खराब केली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पोळ्याला येशील, पेटी उघडशील आणि तोंड पाडून बसशील.

झालं काय तर वावराच्या तारेच्या कुंपणात करंट सोडणारं आपलं झटका मशीन बंद पडलं. सोयाबीनच्या शेंगा भरून रायल्या, डुकरांना तेच पाहिजे असते. रात्री टिक-टिक ऐकू आली नाही तेव्हाच उठून पाह्यला पाहिजे होतं, पण पाऊस होता आणि मी पडून राह्यलो. सकाळी पाहतो तर धुऱ्याकडची सहा-सात तासं, म्हणजे ओळी, पार लोळवून टाकलेली. बॅटरी मीटरनं पाह्यली, 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. पॅनलही ठीक. मशीन घेऊन तालुक्याला गेलो तर दुकानवाल्यानं न उघडताच सांगितलं, बोर्ड गेला भाऊ, नवीनच घ्या, साडेसहा हजार. म्हटलं खोलून तर पाहा, तर म्हणे आजकाल कोणी खोलत नाही. तुला तेव्हाच फोन केला असता तर तू पैसे पाठवले असते, मला माहीत आहे, म्हणूनच नाही केला.

पलीकडच्या वावरातले काका म्हणाले, "डायरेक्ट लाईन सोड ना बे तारेत, काऊन डोकं खपवून रायला." हे आपल्याकडं किती जण करतात तुला सांगायला नको, आणि त्यात डुक्करच मरते असं नाही, वाघ मरतो, रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस मरतो, आणि वरून केस. झटका मशीन हजारो व्होल्ट सोडते पण ते डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते, मग सेकंदभर काही नाही, म्हणून जनावर दचकून मागं सरते. घरच्या 230 मध्ये ती मधली सुट्टीच नाही, पकडलं की पकडलं. काकांना एवढं नाही समजावलं, नुसतं नाही म्हटलं.

मग पेटी आठवली. दहावीच्या वर्षी मीच ती वर टाकली होती, या खेळण्यानं पोट भरत नाही म्हणून. तू काही बोलला नव्हतास. शिडी हलत होती म्हणून खालून धरून उभा होतास, तेवढं मला आठवते.

उघडली तर सगळं जसंच्या तसं. 25 वॅटचं आयर्न, अर्धं रीळ सोल्डरची तार, राळेची डबी, डब्यांमध्ये सुटे रेझिस्टन्स, टाकी भरल्यावर ओरडणारा तुझा तो अलार्म, आणि वही. वही दोन रात्री वाचली. त्यात तू लिहून ठेवलंय की ती आठ पायांची 555 वाली आयसी, म्हणजे दिवा उघडझाप करवणारी ती काळी चिप, हान्स कॅमेन्झिंड नावाच्या माणसानं 1971 साली डिझाईन केली. म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि अजून कामावर. माझे गुडघे पाहा.

मशीनला एकदम हात नाही लावला. जुन्या डिशच्या बंद पडलेल्या डब्याचा बोर्ड घेतला आणि त्याच्यावर शिकायला बसलो. आई म्हणे, "आता तुमाले काय झालं, पोराचं खेळणं घेऊन बसले." पहिल्या दिवशी एकही डाग बसला नाही. मी काय करायचो, तार बिटवर वितळवायची, तो थेंब उचलून बोर्डावरच्या पार्टच्या पायापर्यंत न्यायचा आणि टेकवायचा, जशी मेणबत्ती टेकवतो. थेंब नुसता घरंगळायचा, नाहीतर साबुदाण्यासारखा गोल होऊन वर बसायचा, नख लावलं की टुणकन बाहेर. त्यात बिट काळी पडली, मला वाटलं गंज आहे, पॉलिश पेपर घेऊन चांगली घासली, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. नंतर तुझ्याच वहीत सापडलं की आत तांबं आणि वर लोखंडाचा पातळ थर असते, तो गेला की तांबं सोल्डरमध्ये विरघळत जाते आणि बिट झिजते. ही झाली तुझ्या बिटची कहाणी. ओल्या स्पंजवर पुसायची आणि बंद करताना टोकाला थोडी ताजी तार लावून ठेवायची, हे आधी वाचलं असतं तर वाचली असती.

तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला तो कल्हईवाल्यामुळं. तू पाह्यला नसशील, आमच्या लहानपणी पिंपळाखाली यायचा, खड्डा खणून त्यात कोळसे, बाजूला भाता, आणि गावातल्या बाया पितळेची भांडी घेऊन रांगेत. तो आधी भांडं तापवायचा. नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलं की आतून चांदी. आम्ही पोट्टे म्हणायचो लवकर कथील लावा ना, तर तो म्हणायचा भांडं तापू द्या, थंड भांड्याला कथील धरत नाही. हेच तर! तुझ्या तारेत पण कथीलच आहे, 60 टक्के, बाकी 40 शिसं, आणि तारेच्या पोटात जी राळ भरली आहे ती म्हणजे त्याचा नवसागर, धातूवरचा मळ खाऊन टाकणारी. मी राळ बिटवरच जाळून टाकत होतो, पायापर्यंत कोरडा थेंब जात होता. मग आयर्न पाय आणि बोर्डाच्या तांब्याला दोन्हीला मिळून टेकवलं, मनात दोन-तीन आकडे मोजले, आणि तार दुसऱ्या बाजूनं पायाला लावली, बिटला नाही. आपोआप वितळून सगळीकडून आत ओढली गेली! आधी तार काढायची, मग आयर्न, आणि थिजेपर्यंत हलवायचं नाही. चांगला डाग कसा दिसतो सांगू? पऱ्हाटीला डवरा मारल्यावर बुडाशी माती कशी लागते, खोडाला चिकटून खाली उतरत गेलेली, तसा. मी आधी करत होतो ते कापसाची गंजी होती, वरून फुगलेली आणि खालून पोकळ.

त्या रात्री तुझ्या वहीतल्या नक्शावरून 555 चा लाल दिवा चमकवला. 470 ओहमचा रेझिस्टन्स शोधायला अर्धा तास गेला, त्याच्यावरचे पट्टे पिवळा-जांभळा-तपकिरी, मला चष्मा लावूनही जांभळा दिसेना. आईला दाखवला तर म्हणे डुक्कर याला भिते का.

मग मशीन खोललं. इथं एक मूर्खपणा केला तो तू करू नको. बॅटरी काढली म्हणजे झालं असं समजून बोर्ड हातात घेतला, आणि आतल्या वीज साठवून ठेवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरनं असा हाणला की खांद्यापर्यंत मुंग्या, बोर्ड गेला पाटावर, मी गेलो भिंतीकडं. आता दहा हजार ओहमचा रेझिस्टन्स वायरला जोडून ठेवलाय, आधी तो लावून कॅपॅसिटर रिकामा करतो, मीटरवर शून्य पाहतो, मगच बोट.

बिघाड दिसतच नव्हता. सगळे डाग वरून छान. आजोबांचं भिंग घेऊन उन्हात बसलो तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती बारीक काळी रेघ दिसली, बांगडीसारखी. पाय डागातून सुटलेला होता, ड्राय सोल्डर. जड पार्ट, उन्हात तापते, रात्री थंड होते, वर ट्रॅक्टरवरून आणताना हादरे, सुटणारच. थोडी राळ लावली, तापवला, ताजी तार दिली. एवढंच. साडेसहा हजाराचा बोर्ड गेला होता तो हा.

संध्याकाळी तारेला जोडलं आणि टिक... टिक... सुरू झालं. काकांना विश्वास बसेना, मी नको म्हणेपर्यंत तारेला बोट लावून पाह्यलं. काय बोलले ते लिहीत नाही, आई पण हे वाचणार आहे.

तेव्हापासून डुकरं आली नाहीत, निदान आपल्याकडं. काकांचं मशीन पण बंदच आहे, परवा गुपचूप आणून ओट्यावर ठेवून गेले. आणखी एकजण मोटरचा स्टार्टर घेऊन आला होता, त्याला हात नाही लावला, ते थ्री फेजचं काम, तू आल्यावर पाहू.

तर नागपुरात बर्डीच्या बाजारात जाशील तेव्हा आयर्नची बिट आण, दोन आण, आणि 60-40 ची बारीक तार, जाड नको. ती शिशाची आहे म्हणून हात धुतल्याशिवाय जेवू नका असं तू वहीत लाल पेनानं लिहिलंय, ते पाळतोय. आयसी काढायचा तो पिचकारीसारखा पंप पण मिळते म्हणतात, तो पण पाहा. पैसे मी टाकतो, तू टाकू नको. पेटी आता देवळीत रेडिओच्या बाजूला ठेवलीय, शिडी लागत नाही.

तुझा
बाबा