दत्तूस पत्र: ऑइल कुठं गेलं

ओगलेवाडी, कराड
ता. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

खिशात फोन असताना पत्र कशाला, असं वहिनी विचारतील. पण दिवाळीत तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तू "गिऱ्हाईक आहे, नंतर बोलतो" म्हणालास. वडूजला एवढं गिऱ्हाईक असतं तर एव्हाना तुझं दुकान दुमजली झालं असतं. तू का बोलत नाहीस ते मला ठाऊक आहे. माझ्या गाडीवर क्लीनर असलेल्या ओंकारनं घरी येऊन सांगितलं असणार की संपतमामानं मला चोर म्हटलं. खरं आहे, म्हटलं. घाटात, चार ड्रायव्हरांसमोर म्हटलं. आता खाली जे लिहितोय ते बरंचसं पॉवर स्टेअरिंगच्या पंपाबद्दल आहे. तरी मधेच कागद बाजूला ठेवू नकोस.

आपल्या सहाचाकी ट्रकचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर (बेल्टवर) फिरणारा नाही, हे तुला आठवत असेल. पट्ट्यावरचा असता तर ही गोष्टच घडली नसती. त्याचं सील गेलं की पुलीमागून ऑइल उडतं, बाजूचं सगळं लालभडक होतं, आंधळ्यालाही कळतं. आपला पंप हवेच्या कॉम्प्रेसरच्या पाठीला चिकटवलेला आहे, कॉम्प्रेसरच्या दांड्यावरच फिरतो. म्हणजे पंपाच्या एका तोंडाला स्टेअरिंगचं लाल ऑइल आणि दुसऱ्या तोंडापलीकडं थेट इंजिन. दोघांच्या मधे रबराचं एक सील, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. हे मला आज माहीत आहे. एवढी वर्षं गाडी चालवून कधी विचार केला नव्हता.

उन्हाळ्यात स्टेअरिंगच्या डब्यातलं लाल ऑइल उतरायला लागलं. आधी महिन्याला पाव लिटर. जुनी गाडी, २००९ ची, मी म्हटलं चालायचंच. पावसाळा लागला तसं चिपळूणची एक फेरी झाली की अर्धा लिटर, मग पाऊण. खाली वाकून बघितलं, तर पंपाकडून स्टेअरिंगच्या बॉक्सकडं जाणाऱ्या दाबाच्या नळीच्या तोंडाशी ओल दिसली. सापडलं म्हणून खूश झालो. तांब्याचे वायसर बदलले, ते नाही पुरलं म्हणून अख्खी नळी नवी प्रेस करून आणली. ओल गेली, पण ऑइल उतरायचं काही थांबेना. बॉक्समधून खाली येणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ड्रॉप आर्मच्या वर, बॉक्सच्या सीलपाशी हात फिरवला, कोरडा. रात्री गाडीखाली पुठ्ठे अंथरले, सकाळी पुठ्ठे कोरडे. आता तूच सांग, आठवड्याला लिटरभर ऑइल जातं आणि जमिनीवर थेंब नाही. माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं, आणि ते दोन पायांवर चालणारं होतं.

ऑइल आणायचा ओंकारच, ओतायचाही तोच. दुकानदाराकडं खातं माझं. मी कॅनवर पेनानं रेघा मारून ठेवायला लागलो, लाज वाटते सांगायला. रेघ खाली गेलेली दिसायची, डबाही रिकामा दिसायचा. म्हणजे कॅनमधून काढतो, डब्यात ओततच नाही, असा हिशोब मी केला. पोरगं तसं कुठं विकणार, कोणाला विकणार, एवढा पुढचा विचार केला नाही. संशयाला तेवढी गरज लागत नाही.

त्याच दिवसांत मी दुसऱ्या एका गोष्टीवर खूश होतो. तुला माहीत आहे, आपलं इंजिन दोन-तीन वर्षांपासून ऑइल खातंय. दर दहा-बारा दिवसांनी लिटरभर भरावं लागायचं. ते थांबलं! गेजची पट्टी काढावी तर ऑइल खुणेवर, जसंच्या तसं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, गाडी सुधारली म्हणून. गाडी आपोआप सुधारते असं मानणारा मी एकटाच ड्रायव्हर असेन. ओंकारनं एकदा विचारलं होतं, "मामा, इंजिनचं ऑइल खाली का येत नाही?" मी म्हटलं, तुला काय त्रास होतोय? नंतर पुन्हा एकदा म्हणाला, "मामा, गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा पूर्वीपेक्षा खाली येतो." मी म्हटलं, काटा जुना झालाय. दत्तू, त्या पोरानं माझ्यासमोर दोनदा उत्तर ठेवलं आणि दोन्ही वेळा मी ते उचललं नाही.

मग तो दिवस. सप्टेंबर संपत आलेला, जाताना साखर टाकली होती, परतीला जांभ्याचा चिरा भरलेला. कुंभार्ली घाट चढताना मधल्या एका वळणावर स्टेअरिंगनं घुर्रर आवाज केला, हात अडखळला, आणि चाक दगडासारखं जड झालं. पंप हवा ओढायला लागला की असंच होतं, ऑइलबरोबर फेस जातो आणि फेसाला दाब धरता येत नाही. स्टेअरिंग तुटत नाही, दांडे जागेवर असतात, चाकं वळतात. पण भरल्या गाडीत पुढच्या दोन चाकांवर पाच-सहा टन वजन असतं, ते सगळं तुझ्या खांद्यावर येतं. मला अण्णा आठवले. त्यांच्या बेंझ ट्रकला कुठलं पॉवर स्टेअरिंग! सीटवरनं अर्धं उठून चाक ओढायचे आणि ओरडायचे, "उभ्या गाडीत चाक फिरवू नकोस, गाडीला बोट भर तरी सरकू दे." तसंच सरकवत सरकवत गाडी कडेला घेतली. ओंकारनं उतरून चाकाला चिरा लावला. मी डबा उघडला. तळाशी लाल फेस.

सकाळीच भरायला सांगितलं होतं. तो म्हणाला, भरलं होतं. मी म्हणालो, मग गेलं कुठं? आणि पुढं जे म्हणायचं नव्हतं ते म्हणालो. मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर उतरून बघत होते. पोरगं काही बोललं नाही. कॅनमधलं उरलेलं ऑइल डब्यात ओतलं, हात फडक्याला पुसले, ते फडकं व्यवस्थित घडी घालून सीटखाली ठेवलं. हेळवाकपर्यंत गाडीत गप्प बसला आणि तिथं एसटी बघून उतरला. मी थांबवलं नाही.

दोन दिवसांनी मेस्त्रीकडं गाडी लावली. मी म्हणालो, पंप गेलाय, नवा टाका. म्हातारा उत्तरच देईना. आधी इंजिनच्या ऑइलची पट्टी काढली, बोटावर ऑइल घेऊन चोळलं, वास घेतला. मग पट्टी उन्हात धरून म्हणाला, "ही खूण कोणी केली?" वरच्या खुणेच्याही वर, सुईनं ओढल्यासारखी बारीक रेघ होती. तिच्यावर आणखी एक. आमच्या दोघांपैकी ती मी केलेली नव्हती. मेस्त्री म्हणाला, "ज्यानं केली त्याला कळलं होतं."

खालचा नट खोलून इंजिनचं ऑइल काढलं. जेवढं मावतं त्यापेक्षा जवळजवळ तीन लिटर जास्त निघालं, आणि पातळ, पाण्यासारखं. लाल ऑइल काळ्यात मिसळलं की रंग उरत नाही, म्हणून कोणाला दिसलं नाही. पंपाचं सील आतून गळत होतं आणि इंजिन जेवढं खायचं तेवढं पंप भरून देत होता. माझं सुधारलेलं इंजिन ते हे! पातळ ऑइलवर बेअरिंगं किती दिवस टिकली असती ते मेस्त्रीनं सांगितलं नाही, नुसती मान हलवली.

पंप काढून बाकावर खोलला. तू कधी आतून बघितला नसशील. मधे एक गोल गाडा, त्याला खाचा, खाचांत पोलादी पातळ पट्ट्या. गाडा फिरला की पट्ट्या बाहेर सरकतात आणि भोवतीच्या अंडाकृती कड्याला घासत ऑइल ढकलतात. बस्स, एवढंच. एवढ्यावर शंभर-सव्वाशे बारचा दाब तयार होतो. मेस्त्रीनं दांड्यावर नख फिरवलं, सीलच्या जागी नख अडकलं. "इथं चरा पडलाय. नुसतं सील बदललं तर महिन्याभरात परत याल." कड्याच्या आतही बोटाला लाटा लागत होत्या. सीलचं किट साडेचारशेचं, नवा पंप साडेनऊ हजारांचा. मी जुन्या बाजारातला पंप शोधू का म्हटलं. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या पंपाचं सील तरी तुम्हाला दिसणार आहे का?" नवा घेतला.

खरी गोष्ट आता सांगतो, आणि ही ओंकारलाही माहीत नाही. निघालेलं सील मेस्त्रीनं हातात दाबलं. जुनं सील कडक होऊन तडकतं. हे मऊ होतं, फुगलेलं, भिजवलेल्या वाटाण्यासारखं. त्यानं विचारलं, "ह्यात ब्रेक ऑइल घातलं होतं का कधी?" मी म्हणालो, नाही.

घातलं होतं. मीच. गेल्या मार्चमध्ये आंबा घाटाच्या पायथ्याला, रात्री दीड वाजता. ओंकार झोपला होता, लाल ऑइल संपलं होतं, ब्रेक ऑइलचा अर्धा लिटरचा डबा सीटखाली होता. ऑइल ते ऑइल, असं म्हणून ओतलं. पंपातलं रबर वेगळ्या जातीचं असतं, ब्रेक ऑइल लागलं की ते फुगतं आणि कुजतं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं, पण विचारलंही नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. मेस्त्रीला खोटं सांगितलं याची लाज होती, पण त्याहून भीती ही की तेच ब्रेक ऑइल स्टेअरिंगच्या बॉक्समधेही फिरलं होतं. नवा पंप टाकला आणि बॉक्सची सीलं तशीच ठेवली तर पुढच्या घाटात पुन्हा तेच. सकाळी जाऊन सांगितलं. तो चिडला नाही. "काल सांगितलं असतं तर बॉक्सही कालच उतरवला असता," एवढंच म्हणाला. बॉक्सची सगळी सीलं बदलली, नळ्या धुतल्या, डब्यातला फिल्टर फेकला. तो फिल्टर बघायला हवा होतास, काळ्या रबराचा चिखल नुसता. इंजिनचं ऑइल आणि त्याचा फिल्टरही बदलला, ते वेगळंच.

हवा काढायचं काम मी स्वतः केलं. पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन दोन्ही चाकं अधांतरी, इंजिन बंद. डब्यात ऑइल ओतत राहायचं आणि स्टेअरिंगचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. डब्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच, पण टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, ऑइल तापतं. हे एका माणसाचं काम नाही. एकानं चाक फिरवायचं, एकानं डब्यावर लक्ष ठेवायचं. मी चाक फिरवायचो, उतरून डबा बघायचो, पुन्हा चढायचो. मेस्त्रीचा पोरगा हसत होता. वीस-पंचवीस वेळा चढ-उतार केला असेन. प्रत्येक वेळी डब्याजवळ कोण असायला हवं होतं ते आठवायचं.

आता गाडी ठीक आहे. सहा फेऱ्या झाल्या, लाल ऑइलची पातळी तसूभरही हललेली नाही. इंजिन मात्र पुन्हा पूर्वीसारखं ऑइल खायला लागलंय. पट्टी खाली गेलेली दिसली की आता बरं वाटतं. काटाही जागेवर आलाय. कारखाने सुरू झालेत, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, संध्याकाळी कराडात शिरायला तास लागतो. नवीन क्लीनर ठेवलेला नाही.

ओंकारचा सप्टेंबरचा पगार आणि घाटातल्या दिवसाचा भत्ता माझ्याकडं आहे. फोनवरनं पाठवता आला असता, पण त्याच्या हातात द्यायचा आहे. येत्या रविवारी दुपारपर्यंत वडूजला येतो. तो माझ्याशी बोलेलच असं नाही, आणि गाडीवर परत ये म्हणायला मला तोंड नाही. ते तू म्हणू नकोस, मीच म्हणेन, आणि ज्यांच्यासमोर चोर म्हटलं त्यांतल्या दोघांना मी शोधून सगळं सांगितलंय हेही सांगेन. बाकीचे दोघे गुहागरकडचे आहेत, भेटतील तेव्हा भेटतील.

तो नेहमी म्हणायचा, पंप एकदा आतून बघायचाय. जुना मी टाकला नाही, मेस्त्रीकडून मागून घेतलाय, चरा पडलेल्या दांड्यासकट. डिझेलनं स्वच्छ धुऊन आणीन, दुकानाच्या फरशीवर डाग पडायचे नाहीत. वहिनींना सांग, जेवायलाच थांबतो.

तुझाच,
संपत