मी नेमकी कुठे काम करते: आई-बाबांना पत्र

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवरचे बोलणे अर्धवट राहिले. बाबा, “एवढे शिकून तसल्या वस्तीत, तसल्या रोग्यांत कशाला?” असे तुम्ही विचारलेत, आणि मी औषधांच्या कंपनीत असते असे आईने मावशीला सांगून ठेवल्याचेही त्याच बोलण्यात कळले. मला राग आला आणि रागाच्या भरात नीट काही सांगता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

अटलांटाच्या दक्षिण भागात एका चर्चच्या मागे आमचा दवाखाना आहे आणि मी तिथल्या औषधांच्या खिडकीवर असते. येणारे बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. अमेरिकेच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण १२-१३ टक्के आहे, पण दरवर्षी ज्यांना एचआयव्ही असल्याचे नव्याने कळते त्यांच्यात तो ४० टक्क्यांच्या आसपास जातो. हा आकडा ऐकून तुमच्या मनात जे येईल, तेच इकडच्या पुष्कळ शिकलेल्या लोकांच्याही मनात येते: माणसेच तशी असतील.

बाबा, तुमची सारी नोकरी हिवताप विभागात गेली. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे, दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहायची आणि मग परसात जाऊन रांजण, हौद, टायर तपासायचे, हा क्रम मला अजून पाठ आहे. एका गल्लीत बारा घरी ताप निघाला तर “या गल्लीची माणसेच तशी” असे तुम्ही म्हटल्याचे मला आठवत नाही. पाणी कुठे तुंबले आहे आणि आधीच्या रोग्यांपर्यंत गोळ्या पोचल्या की नाही, एवढेच तुम्ही विचारत होतात.

इथेही तोच प्रश्न विचारायचा असतो. ग्रेगोरियो मिलेट हे संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१२ मध्ये दाखवले की समलिंगी कृष्णवर्णीय पुरुषांचे वागणे इतरांपेक्षा अधिक जोखमीचे नसते. माणसे जोडीदार बहुधा आपल्याच समाजातून निवडतात, आणि या समाजात आधीपासून लागण झालेले अधिक व औषध सुरू असलेले कमी आहेत, म्हणून तेच वागणे एकाला निभावते आणि दुसऱ्याला भोवते. रोज गोळी घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही हे आता पक्के ठाऊक आहे. म्हणजे औषध न पोचणे हेच इथले तुंबलेले पाणी.

ते कसे तुंबते ते सांगते. माझ्या खिडकीवर साठीच्या घरातल्या एक बाई दोन बस बदलून येतात. बाटली हातात पडली की आधी तिच्यावरचे लेबल नखाने सोलून काढतात, मग पर्समधला कापूस बाटलीत कोंबतात, कारण चर्चमध्ये पर्स हलली की गोळ्या खुळखुळतात. मागच्या वर्षी त्या दोन महिने आल्याच नाहीत. उत्पन्नाचा दाखला मुदतीत न पोचल्यामुळे त्यांची औषधांची मदत थांबली होती, आणि तशी सूचना देणारे पत्र जुन्या पत्त्यावर गेले होते. तुमच्या जनआरोग्य योजनेच्या खेपा आठवा आणि त्यात एवढी भर घाला की दाखला मागणाऱ्याला हा आजार आहे हे कोणालाही कळता कामा नये.

गरिबांसाठी इथे मेडिकेड नावाची सरकारी विमायोजना आहे. २०१० च्या कायद्याने ती कमी उत्पन्नाच्या सर्व प्रौढांना मिळायची होती, पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार करायचा की नाही हे राज्यांवर सोडले. अटलांटा ज्यात आहे ते जॉर्जिया, शिवाय अलाबामा, मिसिसिपी, टेक्सास, फ्लोरिडा यांनी तो पूर्णपणे स्वीकारलेला नाही. देशातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास दक्षिणेकडच्या राज्यांत आहेत, हा योगायोग नव्हे. आमची खिडकी चालते ती १९९० च्या रायन व्हाइट कायद्याच्या पैशावर. रायन व्हाइट हा इंडियाना राज्यातला मुलगा, रक्त गोठण्याच्या औषधातून लागण झालेला, ज्याला शाळेने दार बंद केले होते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडे जात का नाहीत? अटलांटाहून मोटारीने दोनेक तासांवर अलाबामात टस्कीगी आहे. तिथे १९३२ पासून सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक ‘अभ्यास’ चालवला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना “रक्त खराब आहे” एवढेच सांगितले, जेवण आणि अंत्यविधीचा खर्च देऊ केला, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा रामबाण उपाय हाती आल्यावरही तो त्यांच्यापासून दूर ठेवून रोग कसा वाढतो ते पाहत राहिले. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा ते थांबले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची माफी आली ती १९९७ मध्ये. हे इथे आजही घराघरांत ठाऊक आहे. तरीही, खरे सांगायचे तर, टस्कीगीचे नाव घेऊन “त्यांचा आमच्यावर विश्वासच नाही” म्हणणारे डॉक्टर मला आता ऐकवत नाहीत. ज्या तालुक्यात दवाखानाच उरलेला नाही, तिथल्या माणसाच्या अविश्वासाची चर्चा करणे फार सोपे असते.

लागण होण्याआधीच घ्यायची प्रेप नावाची गोळी २०१२ पासून उपलब्ध आहे. नियमित घेतली तर ती शरीरसंबंधातून होणारी लागण जवळजवळ पूर्ण टाळते. २०२२ मध्ये ती घेणाऱ्यांत कृष्णवर्णीय होते सुमारे १४ टक्के. वर सांगितलेल्या बाईंना लागण नवऱ्याकडून झाली. अशी गोळी आहे हे त्यांच्या डॉक्टरांनी कधी उच्चारलेही नाही, कारण विवाहित, चर्चला जाणारी बाई त्यांच्या यादीत बसत नव्हती. जून २०२५ मध्ये वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. त्याची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक आहे. बाबा, २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने वर्षभराची एड्सची औषधे ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रातली ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होतीत आणि नंतर बराच वेळ गप्प बसला होतात.

का गप्प बसलात ते मला पुष्कळ नंतर कळले. काका त्याच्या दोन वर्षे आधी गेले होते. पुणे-बंगळूर रस्त्यावर त्यांचा ट्रक चालायचा. शेवटचे सहा महिने ते आपल्या पुढच्या खोलीत होते आणि त्यांचा कप देवळीत वेगळा ठेवलेला असे. आम्हा मुलांना टीबी सांगितला होता. गल्लीभर रक्तनमुने गोळा करणाऱ्या माझ्या बाबांनाही तो कप तिथून हलवता आला नाही, याचा दोष मी देत नाही. सरकारी दवाखान्यांत ही औषधे मोफत मिळू लागली ती २००४ मध्ये, आणि औषधच नसेल तेव्हा भीतीला घर मोकळे मिळते. पण इथे त्या बाई लेबल सोलू लागल्या की मला ती देवळी दिसते, आणि या वस्तीत मी परकी आहे असे वाटेनासे होते.

आई, सुईची तुझी काळजी: मी गोळ्या मोजते, इंजेक्शने नर्स देतात. आणि चुकून टोचलीच, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस घ्यायचे असते. ते माझ्याच मागच्या कपाटात आहे.

बाबांचे डोळ्यांत घालायचे थेंब संपत आले असतील, ते वेळेत आणा. आणि मावशी पुन्हा विचारील तेव्हा तिला मी नेमकी कुठे काम करते ते सांग.

तुमची लाडकी,
धाकटी